दृष्टिपातळी : खानापूर तालुक्यातल्या एका मुलीची आठवी ते दहावी

आठवीचा पहिला महिना. पाऊस कौलांवर असा कोसळत होता की वर्गात ओरडून बोलावं लागत होतं. मी टेबलावर एक मडकं ठेवलं आणि म्हटलं, जसं दिसतंय तसं काढा. बाकांमधून फिरत तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीपाशी आलो आणि थांबलो. तिच्याबद्दल सातवीच्या बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, "सर, पोरीचा हात फार छान आहे." वहीत कॅलेंडरवरचा गणपती होता, घोड्यावरचे शिवाजी महाराज होते. चौकटी आखून मोठे केलेले, रेघ न् रेघ जागच्या जागी. समोरचं मडकं मात्र तिनं भलतंच काढलं होतं. तोंड बदामासारखं, दोन्ही बाजूंना टोकदार. पोट डावीकडं एक, उजवीकडं दुसरं. आणि तळ पट्टीनं ओढल्यासारखा सरळ.

मुलगी कुंभाराची. चालायला लागल्यापासून मडक्यांतून वाट काढत वाढलेली. कॅलेंडर बघून काढताना तिची रेघ कुठं चुकत नव्हती, आणि जी वस्तू तिनं हजारदा हाताळली होती तिच्यापुढं ती अडखळत होती. कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्यात, सीमाभागातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात चित्रकला शिकवताना हा गोंधळ मला दरवर्षी कुणा ना कुणाच्या वहीत दिसतो, पण इतका स्वच्छ कधी दिसला नव्हता. म्हणून तिची तीन वर्षं मी टिपून ठेवली. तिचं नाव, गाव, शाळा इथं लिहीत नाही. लिहिलेलं सगळं तिला आणि तिच्या आप्पांना वाचून दाखवलंय.

खानापूरची माती कौलांसाठी, विटांसाठी, मडक्यांसाठी नावाजलेली. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्था याच गावात आहे. तरीही आमच्या चित्रकलेच्या तासाला माती क्वचितच येते. तास आठवड्याला दोन, आणि दहावीत तेही गणिताकडं नाहीतर विज्ञानाकडं जातात. एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकाच्या दहावीच्या, ६२५ गुणांत तीन भाषा, गणित, विज्ञान आणि समाजविज्ञान. चित्रकला त्या बेरजेत कुठंच नाही. जे मूल हा विषय मनावर घेतं त्याच्यासाठी कर्नाटकाच्या परीक्षा मंडळाच्या दोन ड्रॉइंग परीक्षा आहेत, लोअर आणि हायर. हद्द ओलांडून महाराष्ट्रातल्या चंदगडकडं गेलं की तिथल्या भावंडांच्या तोंडी हेच शब्द बदलून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट होतात. महाराष्ट्रात इंटरमिजिएटला 'ए' श्रेणी मिळाली की दहावीला ७ गुण वाढतात, 'बी'ला ५, 'सी'ला ३. आमच्या मुलीनं हे चंदगडच्या मावशीकडं ऐकलं आणि पहिल्याच महिन्यात विचारलं, "सर, मला किती मिळणार?"

मिळणार नव्हते. सांगताना जीभ जड झाली होती.

चाळण

मडक्याचा तळ तिनं सरळ का काढला? मडकं जमिनीवर टेकतं आणि जमीन सपाट असते, हे तिला माहीत होतं म्हणून. तोंड गोल असतं हेही माहीत होतं, पण समोर तर ते चपटं दिसत होतं. या दोहोंची तडजोड म्हणजे तो टोकदार बदाम. डोळ्यांना काय दिसतंय ते न विचारता ती आठवणीतली माहिती कागदावर उतरवत होती.

कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी मुलांच्या चित्रांचे जे टप्पे मांडले, त्यांत साधारण बाराव्या वर्षानंतर मूल आपल्याच चित्राकडं टीकाकाराच्या नजरेनं बघू लागतं. चित्र खऱ्यासारखं दिसायला हवं ही ओढ लागते. माझ्या वर्गांत मी त्याचे दोन परिणाम बघतो. बरीच मुलं 'मला येत नाही' म्हणून वही मिटतात. ज्यांचा हात वळणदार असतो ती नकलेत आसरा शोधतात, कारण नकलेत धोका नसतो. सपाट कागदावरचं सपाट कागदावर आणायचं, बघण्याचं काम कुणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं.

मी घरून पिठाची चाळण आणली. अर्धी मुलं बाकांवर बसवली, अर्धी मागं उभी केली. चाळण आडवी धरून डोक्यावरून हळूहळू खाली आणत गेलो आणि सांगितलं, जिला किंवा ज्याला ती नुसती सरळ पट्टी दिसेल त्यानं हात वर करायचा. आधी मागं उभ्या असलेल्यांचे हात वर गेले, त्यांतही उंच मुलांचे पहिले. मग चाळण आणखी खाली आली तेव्हा बसलेल्यांचे. वर्गात गलका झाला, कारण प्रत्येकाला वाटत होतं शेजारचा चुकतोय. पट्टीच्या खाली गेली की चाळण उघडत जाते, लंबवर्तुळ रुंद होतं, पायाशी ठेवली की जवळजवळ पूर्ण गोल.

ती मुलगी म्हणाली, "सर, म्हंजे चाळण एकच, पण रेघ ज्याची त्याची वेगळी?"

मी म्हटलं, होय, ज्याच्या त्याच्या डोळ्यांची उंची, तिला दृष्टिपातळी म्हणतात. फळ्यावर शब्द लिहिला, मुलांनी वहीत उतरवून घेतला. या एका शब्दाचं ती पुढं काय करणार आहे याची मला त्या दिवशी कल्पना नव्हती.

मग नेहमीची शिस्त. मडक्याच्या मधोमध उभी रेघ, म्हणजे दोन्ही पोटं सारखी येतात. हात कोपरात न वाकवता पेन्सिल समोर धरायची, एक डोळा मिटायचा आणि तोंडाची रुंदी उंचीत किती वेळा बसते ते अंगठ्यानं मोजायचं. लंबवर्तुळाला टोक कधीच नसतं. तळाची कड तोंडापेक्षा जास्त गोलाईची, कारण ती दृष्टिपातळीपासून जास्त खाली आहे. हे सगळं तिनं दोन आठवड्यांत आत्मसात केलं आणि तरीही मडकं कागदावर कापून चिकटवल्यासारखं दिसत राहिलं. कडा बरोबर, पण आत काही नाही.

तिढा सोडवला तो पालकसभेला आलेल्या आप्पांनी. त्यांनी वही बघितली, टेबलावरचं मडकं उचललं आणि आत मूठ घातली. "सर, तोंड चाकावर होतंय. पोट मागनं. आतनं दगड धरायचा, बाहेरनं थापीनं मारत जायचं, तसं ते फुगत येतंय. ही बाहेरनं रेघ मारून मोकळी होतेय. पोट आतनं येतंय की."

घनता, वस्तूचा भरीवपणा, म्हणजे काय हे मला एटीडीच्या, ड्रॉइंग शिक्षकाच्या पदविकेच्या, वर्गात शिकवलं होतं, पण इतक्या थोडक्या आणि इतक्या नेमक्या शब्दांत नव्हे. दुसऱ्या दिवसापासून मी वर्गात बाह्यरेषेवर बंदी घातली. पेन्सिल आडवी धरायची, पोटाच्या मध्यातून सुरुवात करायची, हलक्या गोल रेघा फिरवत बाहेरच्या बाजूला सरकत जायचं आणि कड शेवटी येईल तेव्हा येईल. त्याच्या जोडीला आठवड्यातून एकदा कागदाकडं न बघता चित्र. नजर वस्तूच्या कडेवरून मुंगीसारखी चालवायची, पेन्सिलही त्याच वेगानं, आणि दहा मिनिटं मान खाली घालायची नाही. चित्रं वेडीवाकडी येतात, मुलं हसतात, पण नकलेची सवय मोडायला यासारखा उपाय मला दुसरा सापडलेला नाही. तिनं असा स्वतःचा डावा हात काढला. बोटं भलतीकडं गेली होती, पण अंगठ्याच्या बुडाशी कातडीला पडलेल्या घड्या अशा होत्या की त्या बघितल्याशिवाय कुणालाही काढता आल्या नसत्या. तिचं पहिलं खरं चित्र म्हणून ते मी अजून जपून ठेवलंय.

कोळसा, गेरू, डिंक

नववीत छायाप्रकाश आला आणि साहित्याचा प्रश्नही आला. दुकानातल्या कोळशाच्या कांड्या तिच्या घरच्यांना परवडण्यातल्या नव्हत्या. पण ज्या घरी मडकी भाजायचा आवा लागतो त्या घरी कोळसा विकत कशाला आणायचा? बोटाएवढ्या जाडीच्या सरळ, वाळलेल्या काटक्या साल काढून पत्र्याच्या डब्यात गच्च भरायच्या, झाकणाला खिळ्यानं एक भोक पाडायचं आणि डबा आव्याच्या कडेला ठेवायचा. भोकातून धूर येतो तोवर काम चालू आहे. धूर थांबला की डबा बाहेर काढायचा आणि पूर्ण गार झाल्याशिवाय उघडायचा नाही, नाहीतर हवा लागून सगळ्याची राख होते. पहिल्या खेपेला घाई झाली, राखच झाली. दुसऱ्या खेपेच्या कांड्या अख्ख्या वर्गाला महिनाभर पुरल्या.

वर्गाच्या सगळ्या खिडक्या बंद करून एकच उघडी ठेवायची. कागदाच्या कडेला पाच चौकोन: पहिला कोरा, शेवटचा जितका काळा जमेल तितका, मधले तीन समान पायऱ्यांनी चढते. मग मडक्यावर कुठली पायरी कुठं आहे ते शोधायचं. सगळ्यांत अवघड असतो तो अंधाऱ्या बाजूच्या अगदी कडेला जमिनीवरून परत येणारा मंद उजेड. मुलं ती बाजू काळी करून टाकतात आणि मडकं पुन्हा सपाट होतं.

या टप्प्यावर मी वर्गात एका चित्राची छापील प्रत लावतो. सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं, हातात दिवा घेतलेल्या तरुणीचं. अनेक जण ते राजा रविवर्म्याचं समजतात. ते जलरंगात आहे, म्हणजे त्यातला सगळ्यांत लख्ख उजेड हा मुळात न रंगवलेल्या कागदाचा उजेड. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा ज्योतीपुढं. ज्योत स्वतः लपलेली, दिसतो तो बोटांच्या फटीत आणि चेहऱ्यावर साठलेला तांबूस प्रकाश. चित्र आहे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात. आणि त्यासाठी उभी राहिलेली हळदणकरांची लेक गीता उपळेकर कोल्हापूरला राहिली, १०० वर्षांहून जास्त जगली, २०१८ साली गेली. सावंतवाडी, म्हैसूर, कोल्हापूर. नकाशावर हे तीन ठिपके जोडले तर आमचा तालुका त्यांच्या मधल्या वाटेवर येतो, हे मी मुलांना मुद्दाम दाखवतो. दोन राज्यांच्या भांडणात वाढलेल्या मुलांना हे दिसायला हवं असं मला मनापासून वाटतं.

रंगांचं थोडक्यात सांगतो. जलरंग म्हणजे बारीक वाटलेला रंग आणि डिंक. तिनं घरची माती कच्ची आणि भाजलेली, दोन्ही वाटून आणली, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात कालवली. कच्ची पिवळट करडी, भाजलेली तांबडी. मातीतल्या लोखंडाला आगीत हवा मिळाली की ती लाल होते, हवा कोंडली की काळी. गेरू, हळद, चुना, काजळी एवढ्यावर तिनं सहा महिने काढले. हळद उन्हानं उडते हेही तिला खिडकीशी टांगलेल्या चित्रावरून कळलं.

पहिला नंबर

आता माझी चूक.

नववीच्या दिवाळीनंतर तालुक्याची चित्रकला स्पर्धा होती. विषय ठरलेला, 'आठवडा बाजार'. ड्रॉइंग शिकवणाऱ्या कुणालाही या विषयाचं तयार चित्र पाठ असतं. डावीकडं झाड, झाडाखाली छत्री, छत्रीखाली भाजीवाली, हातात तागडी. मध्ये फुगेवाला, त्याच्याशी हट्ट करणारं पोर. उजवीकडं पाठमोरी बाई, मागं डोंगर. क्षितिजरेषा उंच ठेवायची, म्हणजे वरून बघितल्यासारखं सगळं एका कागदात मावतं. परीक्षकाला गर्दी दिसते, रंग दिसतात, काम झालं. मी तिच्याकडून हे चित्र अकरा वेळा घटवून घेतलं. झाडाची फांदी कुठं वळवायची तेसुद्धा मी सांगितलं.

पहिला नंबर आला. प्रार्थनेच्या वेळी सत्कार झाला, शाळेला ढाल मिळाली, मलाही चार लोकांनी शाबासकी दिली. त्यानंतर तिच्या प्रत्येक चित्रात डावीकडं तेच झाड येऊ लागलं. महिन्याभरानं चित्रंच येईनाशी झाली. लोअरची परीक्षा तिनं दिली, पास झाली, पण तिथंही जेवढ्यास तेवढं. डिसेंबर ते मार्च तिची वही कोरी आहे. मी मनाशी कारणं जुळवत राहिलो: वय आहे, उन्हाळ्याआधी मडक्यांचा हंगाम असतो, घरी काम असेल. विचारलं मात्र नाही. दीड वर्ष ज्या सवयीशी झगडून तिला बघायला शिकवलं होतं, तीच सवय मी ढालीसाठी परत तिच्या हातात दिली होती. हे मला तेव्हा कळलं नाही. आणि खरं सांगायचं तर कळून घ्यायचंही नव्हतं, कारण ढाल ऑफिसच्या कपाटात दिसत होती.

गिऱ्हाइकाचे पाय

एप्रिलमध्ये बाजारात गेलो होतो. मडक्यांच्या रांगेमागं पोत्यावर ती बसलेली. मी वाकून विचारलं, "चित्रं काढायची सोडलीस काय गं?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग मान वर करून म्हणाली, "सर, तुमच्या त्या चित्रातला बाजार मी कुठंच बघितलेला नाही."

"मग तुला काय दिसतंय?"

"मी हितं बसतो. पाय दिसतात." (आमच्याकडं मुलीही 'मी जातो, मी येतो' असंच म्हणतात, तिचं बोलणं तसंच ठेवलंय.)

मी तिच्या शेजारी पोत्यावर बसलो. खरंच, बाजार नाहीसा झाला. समोर पाय होते. टाचा भेगाळलेले, रबरी चपलांतले, बुटांतले, एक अनवाणी. साड्यांचे काठ, धोतराचे सोगे, शाळेच्या गणवेशाचे गुडघे. हातातल्या पिशव्यांचे फुगलेले तळ, सायकलचं चाक, शेळीचं तोंड. सगळ्यांत जवळचं मडकं मागच्या माणसापेक्षा मोठं. आणि एकही चेहरा नाही. ती म्हणाली, "चेहरा घासाघीस करतानाच खाली येतो सर. दर पटला नाही की परत वर जातो."

चाळणीचा तो तास तिनं धरून ठेवला होता. मी मात्र तिला माझ्या उभ्या उंचीवरचा, खरं तर कुणाच्याच उंचीवरचा नसलेला बाजार अकरा वेळा काढायला लावला होता.

त्या दिवशी तिथंच मी वहीच्या पानावर कोळशानं बसल्या जागेवरून दिसणारं काढून दाखवलं. तिनं पानाकडं बघितलं, समोर बघितलं आणि हळूच म्हणाली, "सर, हे उभ्यानं बघितलेलं आहे." बरोबर होतं. मडक्यांची तोंडं मी जास्त उघडी काढली होती. डोळा मडक्यांच्या तोंडाजवळ असेल तर ती जवळजवळ सरळ रेघ व्हायला हवीत. वीस वर्षांच्या सवयीनं माझा हात उभा राहिला होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला एकच काम दिलं. बाजाराच्या दिवशी काडेपेटीएवढ्या चौकटी आखायच्या आणि प्रत्येकीत फक्त तीन छटांत, पांढरा, करडा, काळा, समोरची रचना टिपायची. तपशील नाही. जूनपर्यंत २४ काडेपेट्या झाल्या. त्या जमिनीवर पसरून आम्ही दोघं त्यांच्याभोवती फिरलो. कुठं काळा एकाच बाजूला गोळा झालाय, कुठं दोन पायांमधली रिकामी जागा पायांपेक्षा छान आहे, कुठं कागदाच्या कडेनं पाय कापल्यामुळं माणूस चालत बाहेर निघाल्यासारखा वाटतोय. निवड तिनं केली. मी फक्त विचारत राहिलो, हे का, ते का नको. त्यांतली ९ चित्रं तिनं दहावीच्या वर्षभरात मोठ्या कागदावर कोळशात केली.

पाय काढणं सोपं नाही. घोट्याचं आतलं हाड बाहेरच्यापेक्षा वर असतं; दोन्ही एका रेषेत काढले की पाय लाकडी होतो. पाऊल समोरून आखूड दिसतं, बाजूनं लांब, आणि तिरकं दिसताना हात नेमका घाबरतो. पायाखालची सावली थोडी जरी सुटली तरी माणूस हवेत तरंगतो. तिनं घरच्या सगळ्यांचे पाय काढले, आज्जीचे सगळ्यांत जास्त. साडीच्या काठांवरून ती माणसं ओळखायला लागली. इरकलचा काठ, वडगाव-शहापूरच्या मागावरचा काठ, बाजारातली छापील साडी. त्या काठांची नक्षी तिनं चौकटीच्या कागदावर वेगळी उतरवून घेतली, आणि हायरच्या नक्षीकामाचा सराव त्यातच होऊन गेला.

डिसेंबरमध्ये आम्ही काही मुलांना घेऊन बेळगावला गेलो. किल्ल्यातली कमल बस्ती, रट्ट घराण्याच्या काळातलं जैन मंदिर, १२०४ सालचं. छतातून खाली उमललेलं दगडी कमळ बघायला सगळ्यांना जमिनीवर उताणं झोपवलं. दृष्टिपातळीच्या वरची वर्तुळं उलट वळतात, हे पुस्तकातून सांगून कुणाला पटत नाही, तिथं सांगावंच लागलं नाही. तिथून टिळकवाडीत, वरेरकर नाट्य संघातल्या के. बी. कुलकर्णी कलादालनात. बेळगावात हायस्कुलातल्या मुलांना चित्रकला शिकवत के. बी. कुलकर्णी यांनी जी पिढी घडवली त्यात रवी परांजपे यांच्यासारखे चित्रकार आहेत. शाळेतला ड्रॉइंग मास्तर काय करू शकतो याचं आमच्या भागातलं हे उदाहरण मुलांना माहीत असायलाच हवं. आमच्या मुलीनं छापील प्रत सोडून खरं रंगवलेलं मोठं चित्र पहिल्यांदा बघितलं ते तिथं. ती पाच वेळा जवळ गेली, पाच वेळा मागं आली. परतीच्या बसमध्ये म्हणाली, "जवळनं नुसता रंगच आहे सर."

प्राथमिक आणि प्रगत हा फरक आपण साहित्यावर मोजतो: आधी पेन्सिल, मग जलरंग, मग कॅनव्हास. किंवा परीक्षेवर: लोअर झाली, हायर झाली. या मुलीच्या हातात आठवीतही काळं-पांढरंच होतं आणि दहावीतही. बदललं ते हे की आठवीत टेबलावर काय ठेवायचं ते मी ठरवत होतो आणि दहावीत कुठं बसायचं ते तिनं ठरवलं. वस्तुचित्र, भूमिती, छटा यांवाचून ती तिथं पोचली नसती; मी परीक्षांच्या विरोधात नाही, दरवर्षी मुलं बसवतो. पण त्या नऊ चित्रांना कुठल्याही पेपरात जागा नव्हती. एका परीक्षकांनी ती बघून विचारलं, "डोकी कुठायत?" मी तिच्याकडं बघितलं. तिनं सांगितलं, "वर हाईत."

दहावीनंतर

एसएसएलसीला चांगली पास झाली. इथून पुढं वाट फुटते, आणि आमच्या भागात ती दोन राज्यांत फुटते. कर्नाटकात पीयूसीनंतर, म्हणजे अकरावी-बारावीनंतर, दृश्यकलेची पदवी आहे. म्हैसूरची चामराजेंद्र अकादमी, बंगळूरची चित्रकला परिषद ही मोठी नावं. पण तिथं शिकवणं आणि सगळा व्यवहार कन्नड-इंग्रजीत, आणि तिचं कन्नड बाजारातल्या देण्याघेण्यापुरतं. महाराष्ट्रात कोल्हापूर जवळ, भाषा घरची, दहावी-बारावीनंतरचे पदविका अभ्यासक्रम आहेत. पण तिथं इंटरमिजिएट विचारतात आणि आमच्याकडं असते हायर. महाराष्ट्रातल्या अनेक व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात विवादित सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी वेगळा वर्ग आहे. ही गोष्ट आमच्या गावांतल्या बहुतेक पालकांना कुणी सांगितलेलीच नसते. दहावीच्या निकालाच्या आठवड्यात दाखल्यांसाठी धावपळ करून उपयोग नाही. नववीतच पालकांना बसवून दोन्ही वाटा कागदावर मांडायला हव्यात. तिच्या वेळी मी ते उशिरा केलं. आता नववीच्या पहिल्या पालकसभेला करतो.

तिनं सध्या पीयूसीला कला शाखा घेतलीय आणि कन्नड मन लावून शिकतेय. आईचं म्हणणं कोल्हापूर, मावशी तिकडची म्हणून. आप्पांचं म्हणणं, जिथं माती असेल तिथं जाऊ दे. पुढच्या वर्षापर्यंत ठरवावं लागेल.

शनिवारी ती अजून वही घेऊन येते. सध्या तिला अडलंय ते आप्पांच्या हातांपाशी. चाकावर माती उभी करताना हात स्थिर वाटतात, पण काढायला घेतले की लक्षात येतं, दोन्ही हात सतत वेगवेगळ्या दिशेनं दाबत असतात आणि त्यांच्यामधली माती फिरते. बाह्यरेषेत ते बसत नाही, छटेतही बसत नाही. स्थिर वस्तूंवर घडलेला तिचा हात इथं कमी पडतोय, हलतं शरीर टिपायला तिला आणि मला दोघांनाही नव्यानं शिकायचंय. गेल्या आठवड्यात तिनं एका कागदावर एकावर एक सतरा वेळा तेच दोन हात काढले, काहीही न खोडता. मधली माती कोरी सोडलीय. आप्पांनी कागद उलटासुलटा करून बघितला आणि उजव्या अंगठ्यावर बोट ठेवलं, "हा एवढा दाबत न्हाई." येत्या शनिवारी आम्ही तो अंगठा बघायला त्यांच्या चाकापाशीच बसणार आहोत.